धोक्याचा धनी

जयपूरच्या बनी पार्कात कोर्टाच्या रस्त्याला वळताना गौतमीचा उजवा पाय गटाराच्या एका झाकणावर पडला आणि झाकण हललं. फार नाही, डुगडुगत्या पाटावर बसताना त्याचा एक कोपरा कलावा, तेवढंच. 'डग' असा पोटातून आल्यासारखा आवाज झाला आणि तिनं श्वास घेईपर्यंत ते पुन्हा जागच्या जागी बसलंही. झालं काहीच नव्हतं. मागून आलेली ई-रिक्षा तिला वळसा घालून गेली, जाता जाता चालक म्हणाला, "दीदी, बीच सड़क में फोटो खिंचवाओगी क्या?" कोपऱ्यावर कचोरीची कढई चरचरत होती, काळे कोट घातलेली माणसं द्रोण हातात धरून फुंकर घालत होती. गौतमी मात्र तशीच उभी राहिली, एक पाय डांबरावर आणि एक झाकणावर. तो पाय उचलायचा तर आधी क्षणभर त्याच्यावर भार द्यायला हवा, आणि तोच तिला देववेना. इतके दिवस तिनं या विषयावरचे कागद वाचले होते, जुने निकाल वाचले होते, सिमेंटच्या झाकणात लोखंड किती असावं याची पत्रकंसुद्धा वाचली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी बाई ती. दुःखाशी वागायची तिला तेवढीच रीत ठाऊक होती. पण ते सगळं डोक्यात राहिलं होतं. तळपायाला ते आज पहिल्यांदा कळलं. बाबांनाही असंच वाटलं असेल, तिच्या मनात आलं. टाचेखाली आधी एवढंसंच हललं असेल. आणि या विचारासरशी भीती वाटण्याऐवजी, का कोण जाणे, ती वडिलांच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिल्यासारखं तिला वाटलं. जवळजवळ बरं वाटलं. मग तिनं पाय उचलला.

शेषराव, तिचे वडील, वैशाली नगरातल्या त्यांच्या स्वतःच्या गल्लीत गटारात पडले त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या. खुब्याचं हाड मोडलं, बरगड्या गेल्या, आणि अंथरुणावर पडून राहिल्यावर छातीत कफानं जे घर केलं त्यातून ते उठले नाहीत. गल्लीचा रस्ता नुकताच उंच केला होता. रस्ता करणाऱ्या कंपनीनं जुन्या थरावर नवा थर घातला, आणि गटाराचं झाकण होतं तिथंच, खाली खळग्यात राहिलं. रोलरखाली त्याचा कोपरा उडाला आणि ते आपल्या चौकटीत खुळखुळायला लागलं. दावा लागल्यावर कंपनीनं लेखी उत्तर दिलं की आम्ही रस्त्याचे, झाकण आमचं नव्हे. गटाराच्या खात्यानं उत्तर दिलं की झाकण आमचं खरं, पण ते फोडलं रस्तेवाल्यांनी, तेव्हा पुढचं त्यांनी पाहावं. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या या दोघांचं एका वाक्यावर मात्र एकमत होतं: मयत वयस्क होते, त्यांची नजर अधू होती आणि ते स्वतःच्या निष्काळजीपणानं पडले. हे वाक्य गौतमीनं आईला मराठीत करून सांगितलं. सुलोचनाबाई त्या दिवसांत सारख्या रडत असायच्या. ते ऐकलं आणि त्या रडायच्या थांबल्या. "नजर अधू? तुह्या बापाची?" त्या म्हणाल्या. "अवं, रेल्वेचे डाक्टर दर खेपेले डोये तपासत त्याचे. ज्या मानसानं सारी जिंदगी रूळ डोयानं चाटून काढले, तो आंधया? सांगजो त्या वकिलाले, भाजीत मीठ कमी पडलं हे माह्या नवऱ्याले उंबरठ्यातून दिसे!" आणि मग स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं, तोंडाला पदर लावून त्या हसत राहिल्या. त्या हसण्याबद्दल समोरच्या वकिलांचे आभार मानायला हवेत, असं गौतमीला तेव्हा वाटलं होतं. आताही, कोर्टाच्या फाटकाकडे चालताना, वाटत होतं.

शेषराव मूळचे बडनेऱ्याचे. रेल्वेची भरती अजमेरहून निघाली, ते ट्रॅकमन म्हणून लागले आणि राजस्थानचेच झाले. गल्लीत कुणी 'राम राम सा' केलं की ते हसून 'जयभीम' म्हणत, आणि हळूहळू गल्लीतली दोनचार माणसं त्यांना आधीच 'जयभीम सा' म्हणायला लागली होती. गौतमीचं लहानपण फुलेऱ्याच्या क्वार्टरात गेलं. तिथं वारा सांभरच्या मिठागरावरून यायचा आणि दोरीवर वाळलेल्या फ्रॉकची बाही चोखली तर खारट लागायची. बाबा पुढे की-मॅन झाले. की-मॅन म्हणजे रोज सकाळी आपल्या वाट्याच्या रुळावरून चालत जाणारा माणूस. कुठं रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली, कुठं रूळ तडकला, ते पाहणारा. खांद्यावर हातोडा, काखेत गुंडाळलेले झेंडे. लहानपणी तिला वाटे की बाबा रुळाला झोपेतून उठवायला जातात. रूळ तुटलेला दिसला तर तो आधी दुरुस्त करायचा नसतो, हे तिला तेव्हाच कळलं होतं. आधी राखण करायची. लाल झेंडा रोवायचा, गाडी ज्या बाजूनं येईल तिकडे तोंड करून उभं राहायचं, आणि दुसरा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत जागा सोडायची नाही. "पण बाबा, रूळ तुम्ही थोडीच तोडला?" असं तिनं विचारलं होतं. बाबा बुटातली खडी उंबऱ्यावर झाडत होते. "तोडला कोनं हे सायब लोक पायतीन," ते म्हणाले. "आपल्याले काय? ज्यानं पाह्यलं, तो धोक्याचा धनी. दुसरा येईस्तोवर." कायद्याची पुस्तकं उलटताना गौतमीला पुन्हा पुन्हा हे आठवलं होतं. जाडजूड पुस्तकं ती. त्यांतही शेवटी धनीच शोधत होते, पण दुसऱ्या टोकानं. कोणाची मालकी, कोणाचं कर्तव्य, कोणाला सूचना मिळाली होती. ज्यानं नुसतं पाहिलं, त्याच्यासाठी त्यांत कुठं कलम नव्हतं.

झाकणाचा कोपरा उडालेला शेषरावांनी पाहिला त्या सकाळी ते समोरच्या संतोष भाभींकडे गेले. संतोष कँवर घरीच ब्लाउज शिवायच्या. संतोष हे बाईचं नाव असतं याचं त्यांना इतक्या वर्षांनीही नवल वाटे. त्यांच्याकडून त्यांनी लाल अस्तराचा तुकडा मागून घेतला, डाळिंबाच्या काठीला बांधला आणि खळग्याच्या कडेला विटांमध्ये रोवला. खात्याला फोन केला. 'आदमी भेज रहे हैं' असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तो काय, झेंड्याच्या पायथ्याशी झेंडूची फुलं, एक अर्धी जळलेली उदबत्ती आणि विटेवर शेंदराचं बोट. जयपुरात रस्त्याच्या कडेला काठीवर लाल कापड दिसलं की माणूस आधी हात जोडतो. कुणीतरी ते भैरूजी या देवाचं ठाणं समजलं होतं. दुपारी जेवताना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला होता. "मी रोज बुद्धवंदना घेनारा मानूस, आन माह्या हातून देव बसला! अरे, लाल झेंडा पाहून अख्खी मालगाडी थांबते, अन् हे लोक जवळ येऊन रायले! पाया पडून रायले!"

"मंग हिरवा लावा," आई म्हणाली.

"हिरवा लावला त अजूनच जोरात येतीन."

"बाबा, बोर्ड लिहून देऊ? हिंदीमध्ये? मतलब मोठ्या अक्षरात?" गौतमीनं विचारलं.

"देजो लिहून. पन बोर्ड येईस्तोवर मी हाओ ना."

तिनं त्या संध्याकाळी कॉलेजातून पुठ्ठा आणायचा असं ठरवलं. शेषराव ऊन उतरल्यावर गल्लीत जाऊन उभे राहिले. पुढचं तिनं पाहिलं नाही. ते संतोष भाभींनी त्यांच्या ओट्यावरून पाहिलं आणि दवाखान्याच्या जिन्यात, हुंदके आवरत, तिला सांगितलं. झेंडा कळत नाही म्हणून अंकलजी स्वतःच उभे होते. हात जोडायला आलेल्या दोन बायकांना त्यांनी हसून परत पाठवलं. मग दिवेलागणीला एक मुलगी स्कूटीवर आली, पाठीला कोचिंगची बॅग, कानात गाणी, सरळ खळग्याच्या रोखानं. हातात झेंडा नसेल तर रेल्वेचा माणूस दोन्ही हात डोक्यावर उंच धरतो. त्यांनी हात वर केले. मुलगी जवळ आली तरी तिचं लक्ष नव्हतं, तेव्हा त्यांनी आरोळी दिली. ती दचकली, वळली. तिचं चाक चुकवायला ते एक पाऊल मागे सरले. तोंड तिच्याकडे होतं. पाठ खळग्याकडे. टाच झाकणावर आली आणि झाकण उलटलं. मुलगी सावरून पुढे निघून गेली. मागं काय झालं हे तिला कदाचित कळलंही नसेल. भाजीचा गाडीवाला धावला, दूधवाला धावला, संतोष भाभींनी अस्तराच्या ताग्याला पीळ देऊन दोर केला, आणि सगळ्या गल्लीनं मिळून त्यांना वर काढलं. ती माणसं पुढे कितीतरी दिवस भेटली की आपले हातच पाहत राहायची. पहिलं वर्षभर गौतमी त्या मुलीला मनातल्या मनात शोधत होती. मालवीय नगरच्या कोचिंगमधून सुटणाऱ्या घोळक्यात पाठीवरची प्रत्येक बॅग तिला ओळखीची वाटे, आणि प्रत्येकीला थांबवून काहीतरी कठोर बोलावंसं वाटे. मग केव्हातरी तो राग, कपड्यातलं खळीचं पाणी आटावं तसा, आटला. उरलं ते निराळंच होतं. ती मुलगी कुठंतरी आहे, धडधाकट आहे, परीक्षा देते, आईशी भांडते; आपल्या दोन्ही पायांवर चालते. बाबांचं काहीतरी अजून जयपुरात हिंडतं आहे. याबद्दल कुणाचे आभार मानायचे हे गौतमीला कळत नसे, आणि न मानलेले आभार छातीशी धरून ती हिंडत असे.

फाटकाजवळच्या चहाच्या टपरीशी पारीक मॅडम उभ्या होत्या. तिच्या वकील, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, तारखांमागून तारखा पडल्या तरी एकदाही न कंटाळलेल्या. त्यांनी गौतमीच्या हातात चहाचा मातीचा कुल्हड दिला. "प्या आधी. थंडीनं आवाज बसला तर समोरचे म्हणतील साक्षीदार घाबरला." मग जरा जवळ येऊन त्या तशाच हिंदीत म्हणाल्या, "गौतमीजी, आज उलटतपासणी. एकच प्रश्न महत्त्वाचा. झाकण तुटलंय हे त्यांना माहीत होतं का? तुम्ही म्हणायचं, मला माहिती नाही. बस."

"पण मला माहिती आहे."

"ते पडले तेव्हा तुम्ही तिथं होतात?"

"नाही. पण दुपारी जेवताना..."

"जेवताना काय झालं हे कोर्टानं विचारलंय? नाही ना. मग?" पारीक मॅडमनी आपला रिकामा कुल्हड फोडून टाकला. "हे पाहा, माहीत होतं म्हणालात की ते म्हणणार, जाणूनबुजून धोक्यापाशी गेले, आमचा काय दोष? अर्धा दावा तिथंच गेला. कदाचित सगळाच."

"आणि माहीत नव्हतं म्हटलं तर?"

"तर एक वृद्ध गृहस्थ तिन्हीसांजेला पडले. न्यायाधीशांनाही म्हातारे आईबाप असतात." हे त्या कपटानं म्हणाल्या नव्हत्या. त्यांना खटला जिंकायचा होता, आणि गौतमीलाही तो हरायचा नव्हता. कंपनीनं पुढच्या गल्लीतही तसाच रस्ता उंच केला होता आणि तिथली झाकणंही तशीच खळग्यात बसली होती. दावा पडला तर ती तशीच राहणार. म्हणजे एकीकडे ते काही ठाऊक नसलेले, निरपराध म्हातारे, ज्यांच्यामुळे दावा टिकेल. आणि दुसरीकडे बाबा. निघताना तिनं आईला हे सगळं सांगून पाहिलं होतं. सुलोचनाबाई लसूण सोलत होत्या. "मले कोर्टाचं काय कयते, बाई? तुले जे बोलाचं ते बोल," त्या म्हणाल्या. "फकत घरी येऊन मले सांगता येईन, असं बोल." आणि गल्लीत संतोष भाभींनी शिलाई थांबवून ओट्यावरून हाक मारली होती, "बाईसा, मेरा नाम आए तो आने देना. कपड़ा मैंने दिया था, मुकरूँगी नहीं."

कोर्टाची खोली लहान होती. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा टेबलापर्यंत येऊन थांबला होता. न्यायाधीश गळ्याला मफलर गुंडाळलेले, खोकल्यानं बेजार झालेले गृहस्थ होते. त्यांच्या डाव्या हाताला लोकरीची टोपी घातलेला वयस्क टंकलेखक बसला होता. समोरचे वकील उठले, तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारली आणि अदबीनं विचारलं की आपले वडील कुठं नोकरीला होते. गौतमीनं सांगितलं. न्यायाधीशांनी ऐकलं, टंकलेखकाकडे मान वळवली आणि म्हणाले, "मेरे पिताजी रेलवे में की-मैन थे." गौतमी चमकली. क्षणभर तिला वाटलं, यांचेही? मग कळलं की ही इथली रीत आहे. साक्षीदार आपल्या परीनं बोलतो आणि न्यायाधीश ते साक्षीदाराच्याच तोंडचं वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. इतकी पुस्तकं वाचली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांचं विचारलं, तिनं उत्तर दिलं, आणि मफलरमधून आवाज आला, "मेरे पिताजी की नज़र ठीक थी." मोतीबिंदूचं विचारलं. "मेरे पिताजी का ऑपरेशन हो चुका था."

"तर मग," समोरचे वकील म्हणाले, "ढक्कन टूटा हुआ है, हे त्यांना माहीत होतं?"

मला माहिती नाही. तीन शब्द. ते जिभेवर तयार होते, ते अगदी खोटेही नव्हते, आणि पारीक मॅडमची लेखणी कागदावर टेकून त्यांचीच वाट पाहत होती. गौतमीला खरं-खोटं असं काही सुचलं नाही. तिला दिसलं ते ताट. हातातला घास, शेंदराचं बोट, 'हिरवा लावला त अजूनच जोरात येतीन'. मला माहिती नाही म्हटलं की ते जेवण झालंच नाही. त्यांच्या हसण्यावर माती लोटून ती जागा सारखी करून टाकायची, आणि संध्याकाळी आईसमोर बसून पुन्हा जेवायचं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "आदल्या दिवसापासून. लाल झेंडा त्यांनीच लावला होता. लोकांना तो कळला नाही, म्हणून ते स्वतः उभे होते."

पारीक मॅडमनी लेखणी खाली ठेवली. समोरच्या वकिलांनी लवंग चावली. "म्हणजे जाणूनबुजून तिथं उभे होते?"

"हो."

"आणि खड्ड्याकडे पाठ करून?"

"हो."

"कोणी शहाणा माणूस..."

"वकील साब, राय मत पूछिए," न्यायाधीश म्हणाले, आणि खोकला आवरून त्यांनी स्वतःच गौतमीकडे पाहिलं. त्यांच्या पाहण्यात कुतूहल होतं, दुसरं काही नव्हतं. "पीठ करके क्यों, बेटा?"

"सर, येणारे समोरून येत होते," गौतमी म्हणाली. "खड्डा कुठं जाणार नव्हता."

टेबलाशी कुणीतरी हसू दाबलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मफलर सैल केला, छताकडे पाहिलं, शब्द जुळवले आणि सावकाश सांगायला लागले, "मेरे पिताजी को मालूम था कि ढक्कन टूटा हुआ है. मेरे पिताजी वहाँ इसलिए खड़े थे, कि कोई दूसरा न गिरे."

"सर, 'अपनी इच्छा से' जोड़ा जाए," समोरचे वकील लगबगीनं उठून म्हणाले. "'मेरे पिताजी अपनी इच्छा से' वहाँ खड़े थे."

"जोड़िए. मेरे पिताजी अपनी इच्छा से."

टंकलेखकानं टोपी कानावरून वर सारली. "मेरे पिताजी... आगे क्या, सर?"

"अपनी इच्छा से," दोघंही एकदम म्हणाले.

बोटं पुन्हा चालू लागली. हे वाक्य दावा घेऊन बुडेल की तारेल, ते पारीक मॅडमनाही सांगता आलं नसतं. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या आणि तरी त्यांचा दुसरा हात टेबलाखालून गौतमीच्या मनगटावर आला होता. गौतमीला मात्र ऐकूच येत होतं फक्त. ज्यांनी शेषरावांना कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हते, अशी तीन माणसं भर दुपारी एकमेकांशी घासाघीस करत त्यांना आपले वडील म्हणत होती; त्यांतला एक तर त्यांच्या विरुद्ध लढायला उभा होता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या बडनेऱ्याच्या माणसाला इतकी लेकरं झाली होती.

टंकलेखकानं कागद ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. "पढ़ लेंगी, या पढ़कर सुनाऊँ?"

"सुनाइए," गौतमी म्हणाली.

त्यानं चष्मा पुसला, कागद उन्हाच्या पट्ट्यात धरला आणि पहिल्या ओळीपासून, जरा मोठ्यानं, वाचायला सुरुवात केली, "मेरे पिताजी..."